बी-४१चा गुरुवार

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रयोगाच्या वहीत मत लिहायचं नाही, असा नियम आहे. तारीख, वजन, तापमान, आकडा, सही. नियम मीच केला, त्यामुळे मोडता येत नाही. म्हणून ही दुसरी वही. हिच्यात मतं, माणसं आणि जेवण.

नोंद असावी म्हणून: मी टॅनिया, वय सव्वीस. संगणकावर रसायनशास्त्र करते. ‘नभखत’ कंपनीत दीड वर्ष झालं. काशीमीऱ्याला एका औद्योगिक इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचा गाळा आहे. खाली विठूचं गॅरेज, वर हंसाबेनचा पापडाचा कारखाना. मधे आम्ही जगाचा खताचा प्रश्न सोडवतोय.

प्रश्न खरा आहे. हवेत नायट्रोजन भरपूर, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. अमोनिया करून द्यावा लागतो. जगभर तो लोखंडाच्या उत्प्रेरकावर, प्रचंड दाबाखाली, भट्टीच्या उष्णतेत करतात. आम्हाला तो साध्या खोलीत, विजेच्या बारीकशा प्रवाहावर आणि कुठलाही धातू न वापरता करायचा आहे. कार्बनच्या जाळीत नेमक्या जागी बोरॉनचे अणू बसवले तर ते लोखंडाचं काम करतील का, हे मी मोजते. दोनशे बारा जाळ्या मोजून झाल्या. त्यांतली एकेचाळिसावी सगळ्यात चांगली. तिचं नाव बी-४१. पडद्यावर ती निर्दोष आहे.

समिधा ती प्रत्यक्षात बनवते. काळी पूड, तिचा कार्बनच्या कागदावर लेप, काचेचं छोटं पात्र, पातळ आम्ल, त्यात नायट्रोजनचे बुडबुडे, दोन तास वीज. मग नमुन्यात दोन द्रावणं टाकायची. अमोनिया असेल तर निळा रंग येतो. आजवर आलेला नाही.

आता फ्रिज. सोमवारी पालीहून, आमच्या कोळीवाड्यातून, निघताना आई चार दिवसांचा डबा देते. आठवडाभर मी मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कला नीलिमाकाकूंकडे भाड्याने राहते, आणि त्यांच्या घरात कांदासुद्धा ओळख दाखवून आत येतो. म्हणून डबा ऑफिसातच ठेवायचा. डिसेंबरात पँट्रीच्या फ्रिजमध्ये माझे बोंबील होते. जागा हंसाबेनची, पँट्रीही त्यांचीच. दुसऱ्या दिवशी कागद लागला: ‘इस फ्रिज में केवल शुद्ध शाकाहारी. आज्ञा से.’ कोणाच्या आज्ञेने, ते लिहिलेलं नव्हतं. त्या मला काही बोलल्या नाहीत. फक्त फ्रिज लिंबाने पुसून घेतला, मी समोर उभी असताना.

त्या दिवसापासून माझा डबा प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये असतो, सगळ्यात खालच्या कप्प्यात, तीन काळ्या पिशव्यांत. त्या फ्रिजवर समिधाचा कागद आहे: ‘खाद्यपदार्थ ठेवू नयेत.’ दोन्ही कागद मी वाचलेत. रसायनांना नाक नसतं, म्हणून हा फ्रिज निवडला.

समिधाला सांगितलेलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

“टॅनिया! पळत ये! नको, पळू नको, काच आहे!”

समिधाच्या हातात नळी होती. फिकट, पण निळी. पांढऱ्या कागदासमोर धरून मी तीनदा पाहिली. मग मोजली. मिलिलिटरमागे ०.२६ मायक्रोग्रॅम.

प्रणित म्हणजे आमचा संस्थापक. मला ‘सर’ म्हणू नका म्हणतो, आणि नाही म्हटलं तर लक्षात ठेवतो. तो धावत आला. “नभाचा रंग! नभखत! हे नाव मी ठेवलं तेव्हा मला माहीत होतं का? नव्हतं. पण आतून माहीत होतं.” त्याने नळीचे अठरा फोटो काढले. एकात मी आहे, अर्धी.

मी म्हटलं, “पुन्हा येतो का बघू.”

“तू ना, लग्नातसुद्धा आधी घटस्फोटाचे कागद वाचशील.”

डबा: मुशी. या आठवड्यात पप्पांच्या जाळ्यात लहान शार्कच आले. आईने खोबरं घालून सुकी करून दिली. आज चौथ्या दिवशी जरा उग्र झाली होती. जिन्यात बसून खाल्ली, हात दोनदा धुतले.

१६ फेब्रुवारी, रविवार, पाली

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर पप्पा ओट्यावर जाळं शिवत बसले होते. घरी बातमी सांगायचा माझा स्वभाव नाही, पण सांगितली.

“काय बनवलंस म्हंतेस?”

“अमोनिया.”

“बर्फाच्या कारखान्यात असतो तो?”

“तोच.”

पप्पांनी सुई थांबवली. “तो बनवाया एवढी शिकलीस? मुशी बर्फाविना चार दिस ठेव, आपोआप बनतो. तसाच वास. डोल्यांत पानी येतं.”

मी म्हटलं, वास हे मोजमाप नव्हे.

“न्हाय कसं? माजा बाप नाकानं सांगायचा, मासा कुठल्या दिवशी निघाला.”

आई आतून म्हणाली, “आल्बर्ट, पोरीला शिकवू नको, ती इंजिनेर हाय.” मी इंजिनियर नाही. हे दोन वर्षं सांगतेय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आठवडाभर रंग नाही. समिधा रडकुंडीला आलीय. लेप देण्यात चूक झाली असं तिला वाटतं. प्रणित म्हणतो, चंद्र बघायला हवा होता. तो विनोद करत नव्हता.

पप्पांची बोट दुरुस्तीला आहे. डबा: दुधी. चारही दिवस.

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार. सकाळी मीरा रोडच्या चर्चमध्ये जाऊन मग ऑफिसला गेले.

समिधा: “कपाळाला कार्बन लागलाय तुझ्या.”

“राख आहे.”

“पुसू?”

“नको.”

प्रणितने लांबून नमस्कार केला. “पूजा करून आलीस? बेस्ट. आज रंग येणार.”

आला. सोमवारपासून येतोय.

आता ईस्टरपर्यंत घरात मटण-कोंबडी बंद. आईचं म्हणणं, मासा म्हणजे मांस नव्हे आणि मुशी तर जवळजवळ भाजीच. तिने सोमवारीच वाळवून ठेवलेली सगळी मुशी बाहेर काढलीय. डबा चाळीस दिवस ठरलेला आहे. वैविध्याची अपेक्षा नाही.

२० मार्च, गुरुवार

तीन आठवडे सलग रंग. शिवाय त्याला एक आकार आहे. सोमवारी ०.०४, मंगळवारी ०.११, बुधवारी ०.१९, गुरुवारी ०.३१. दर आठवड्याला असंच. शुक्रवारी प्रयोग नसतो. प्रणित आम्हाला भविष्य सांगतो.

प्रणितने त्याला नाव दिलं: स्वयंशिक्षित उत्प्रेरक. “बघ ना, सोमवारी कच्चा, गुरुवारी मास्टर. तो शिकतोय!”

“मग पुढच्या सोमवारी विसरतो कसा?”

“वीकेंडला कोण नाही विसरत?”

हे वाक्य आता सादरीकरणाच्या नवव्या पानावर आहे.

माझी एक शंका: समिधा आठवड्याचं आम्ल सोमवारी सकाळी एकदाच करते. मोठ्या काचेच्या भांड्यात फ्रिजमध्ये ठेवते, वर बटरपेपर आणि रबरबँड. त्यात आधीच अमोनिया नाही ना, ही तपासणी तेव्हा एकदाच होते. ती रोज व्हावी असं मला वाटतं. पण ते तिचं क्षेत्र आहे. आणि आकडे चांगले येताहेत.

आज तिने विचारलं, “फ्रिजला कसला तरी वास येतोय का गं?”

“कसला?”

“केमिकलचा.”

“असेल.”

प्रणितने ते ऐकलं. फ्रिज उघडून डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. “मुलींनो, हा आपल्या प्रॉडक्टचा वास आहे.”

आमच्या नळीतला अमोनिया नाकाला कळायचा तर आत्ताच्या हजारो पट लागेल. मी हे बोलले नाही. पुढचा प्रश्न, मग वास कसला, हा आला असता.

२५ मार्च, मंगळवार

सोमवार ते गुरुवारच्या चढाचं स्पष्टीकरण सापडलं. बोरॉनच्या शेजारी पाण्याचे रेणू हळूहळू नव्या मांडणीत बसतात, त्याने नायट्रोजनचा पहिला बंध सैल व्हायला लागणारी ऊर्जा कमी होते, असं धरून मोजलं. तीन सुधारणा कराव्या लागल्या. चौथ्या वेळी वक्र आकड्यांवर नेमका बसला. इतका नेमका की छापून भिंतीला लावला.

प्रयोगात एक गोष्ट राहिलीय. नायट्रोजनऐवजी आर्गॉन सोडून तोच प्रयोग करायचा. आर्गॉन कशातच भाग घेत नाही. नायट्रोजनच नसेल तर अमोनिया होता कामा नये. झाला तर तो बाहेरून आला. हे मी फेब्रुवारीपासून मागतेय.

“ऑर्डर टाकलीय,” प्रणित म्हणाला. “येईल सहा आठवड्यांत.”

“मागच्या महिन्यातही सहाच आठवडे होते.”

“म्हणजे कन्सिस्टंट आहे ना? तू असं बघ, टॅनिया. आर्गॉनने काय सिद्ध होणार? काही झालं नाही, एवढंच. काही न झाल्याचा व्हिडिओ कोणी बघत नाही.”

२८ मार्च, शुक्रवार

डेन्मार्कहून पत्र. ज्यांच्या गटात मला पीएच.डी. करायची आहे, त्यांनी बी-४१चं प्राथमिक टिपण वाचलं. एक जागा आहे. एप्रिलअखेर पूर्ण लेख पाठवला, पहिलं नाव माझं असलं आणि प्रयोग पक्के असले, तर ती माझी. दुसरा उमेदवार तयार आहे, हेही मोकळेपणाने लिहिलंय.

पत्र दोनदा वाचलं. मग खिडकी उघडली. का, ते माहीत नाही.

शाळेत असताना पालीहून येणाऱ्या आम्हा तिघींना मागच्या बाकावर बसवायचे, वर्गाचं दार उघडं ठेवून. वासाचं नाव कोणी काढत नसे. दार उघडं असायचं, एवढंच. मी दहावीत विज्ञानात पहिली आले, तेव्हाही ते उघडंच होतं.

डेन्मार्कमध्ये सगळी दारं बंद असतात म्हणे, थंडीमुळे.

१७ एप्रिल, गुरुवार, पाली

पवित्र आठवडा, म्हणून सोमवारपासून सुट्टीवर घरी आहे. समिधाचा फोन आला.

“चार दिवस काहीच नाही गं. पाणी आहे नुसतं. सगळं तसंच केलं. तीच पूड, तोच लेप.”

“आम्ल?”

“सोमवारी केलं, नेहमीसारखं.”

“तापमान?”

“तेच. बरं, एक चांगली गोष्ट सांगू? फ्रिजचा वास गेला.”

मी म्हटलं, चला, तेवढं बरं झालं.

२१ एप्रिल, सोमवार

प्रणितने निष्कर्ष काढून ठेवलाय. “तुझा हातगुण आहे.”

“मी प्रयोगाला हात लावत नाही. मी शेजारच्या खोलीत बसते.”

“तेच तर! नुसत्या असण्याने होतं.”

गुरुवारी गुंतवणूकदार येणार. त्याने मुद्दाम गुरुवारच दिलाय. मी पात्रापासून दोन मीटरवर उभं राहायचं आणि मधे हलायचं नाही. जमिनीवर खडूने चौकोन काढलाय. दोनशे बारा जाळ्या, अकरा हजार तास संगणक, आणि शेवटी खडूचा चौकोन.

समिधा म्हणाली, “उभी राहा ना गं. काय जातंय?”

तिला खरंच भीती वाटतेय, रंग येणार नाही याची. मलाही वाटतेय. मी कारण शोधतेय आणि ती चौकोन शोधतेय, एवढाच फरक.

डबा: मुशी, शेवटची. ईस्टर झाला तरी आईला उरलेलं संपवायचं आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

डेन्मार्कच्या लेखासाठी सगळे आकडे एका तक्त्यात भरायला घेतले. पवित्र आठवड्याच्या शून्याचं कारण लिहायची जागा रिकामी होती. मी नसताना काय बदललं, हे आठवेना, म्हणून दोन्ही वह्या शेजारी उघडल्या. प्रयोगाची आणि ही.

१३ फेब्रुवारी: ०.२६. मुशी.
२० फेब्रुवारी: शून्य. दुधी.
मार्च सगळा: रंग. मुशी.
पवित्र आठवडा: शून्य. डबा नाही.

आणि रोजचा चढ. सोमवारची मुशी गुरुवारपर्यंत जुनी होत जाते. वरच्या कप्प्यात आम्लाचं भांडं, वर नुसता बटरपेपर. आम्ल अमोनिया सोडत नाही, धरून ठेवतं. गुरुवारी सगळ्यात जास्त धरलेलं असतं.

भिंतीवरचा वक्र पाहिला. तीन सुधारणा करून मी पाण्याच्या रेणूंच्या नावाने माझ्या आईची मुशी मोजली होती. वक्र अजूनही सुंदर आहे.

पप्पांनी १६ फेब्रुवारीला सांगितलं होतं. मी लिहूनही ठेवलंय, वर, माझ्याच अक्षरात, आणि खाली उत्तरही दिलंय.

ही वही बंद करून तक्ता पाठवून दिला, तर कोणालाही कळणार नाही. मुशी फक्त या वहीत आहे. हे दहा मिनिटं डोक्यात होतं. दहा मिनिटं म्हणजे दहा; घड्याळ समोर होतं.

मग समिधाकडे गेले.

“फ्रिजच्या खालच्या कप्प्यात माझा डबा असतो.”

“कसला डबा?”

“जेवणाचा. डिसेंबरपासून. मुशी फेब्रुवारीत एक आठवडा, मार्चपासून रोज.”

तिने फ्रिज उघडून खाली वाकून पाहिलं. “मला वाटलं मोटर जळतेय. मी मेकॅनिक बोलावला होता. त्याला फ्रिज उघडून दाखवला मी.” मग म्हणाली, “कागद लावला होता ना मी?”

“हंसाबेननीही लावला होता.”

“म्हणजे दोघींतला माझा मोडलास.”

“हो.”

“का?”

“तू लिंबाने पुसलं नसतंस.”

तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले. “चल. आम्ल करू. दोन भांडी. एक डब्याबरोबर फ्रिजमध्ये, एक घट्ट बुचाच्या बाटलीत, बाहेर. उद्या दोन्ही चालवू. तुझं ते आर्गॉन असतं तर.”

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी जिना चढताना विठूच्या गॅरेजात ठिणग्या उडत होत्या. तो टेम्पोची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी जोडत होता. त्याच्यामागे एक उंच सिलिंडर. त्यावर नाव लिहिलेलं. मी दीड वर्षं रोज त्याच्यासमोरून जाते.

“हे आर्गॉन आहे?”

“मग काय, ऑक्सिजन? उडेन ना.” विठूने काच वर केली. “अ‍ॅल्युमिनियमला हाच लागतो. हवा बाजूला सारतो फक्त. स्वतः काय करत नाय. साधा गॅस हाय, ताई, आमच्या मेहुण्यासारखा.”

“आज दिवसभर मिळेल?”

“न्या की. साहेबाला सांगू नका, नायतर तो मला डायरेक्टर करेल.” त्याने सिलिंडर स्वतःच गडगडवत वर आणलं आणि जाताना नाक उडवलं. “तुमच्यात बी मुशी असते? तरीच. मला वाटायचं आमचा कुत्रा कुठं काय पुरून ठेवतो.”

समिधा भिंतीकडे वळून हसत होती.

चार नळ्या. डब्याशेजारचं आम्ल, नायट्रोजन: निळी. तेच आम्ल, आर्गॉन: निळी, तितकीच. बाहेरचं आम्ल, नायट्रोजन: पाणी. बाहेरचं आम्ल, आर्गॉन: पाणी.

नायट्रोजनचा कशाशीही संबंध नव्हता. बी-४१चाही. तिने तीन महिने काहीही केलेलं नाही. विठूच्या मेहुण्यासारखी उभी होती.

संध्याकाळी प्रणितला सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ओके. उद्या डबा आहे ना फ्रिजमध्ये?”

“आहे.”

“काढू नकोस.”

“प्रणित, ती मुशी आहे.”

“मला आत्ता हे कळलेलंच नाही. मला शुक्रवारी कळणार. उद्या तू फक्त चौकोनात उभी राहा. तुझा लेख आहे ना डेन्मार्कचा? मग? दोघांचंही भलं.”

तो चुकीचं बोलत नव्हता. दोघांचंही झालं असतं.

२४ एप्रिल, गुरुवार

पाहुणे दोघे, एक गृहस्थ आणि एक बाई. प्रणितने नारळ फोडला. पाणी विजेच्या नियंत्रकावर उडालं, समिधाने पुसलं. मी चौकोनात.

दोन तास बुडबुडे. त्या वेळात प्रणित पृथ्वी वाचवत होता. मग समिधाने द्रावणं टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. निळी झाली. पाहुणे टाळ्या वाजवू लागले.

मी चौकोनाबाहेर आले. कालच्या चार नळ्या टेबलावर ठेवल्या आणि प्रत्येकीत काय होतं ते सांगितलं. आवाज नेहमीसारखा होता, असं समिधा म्हणते. गृहस्थांनी विचारलं, “मग हा अमोनिया येतो कुठून?”

‘बाह्य सेंद्रिय स्रोत’ असा शब्द मी तयार ठेवला होता. अचूक आहे, आणि कोणाच्या नाकाला झोंबत नाही. तो तोंडात आलाही.

मी फ्रिज उघडला, तीन पिशव्या काढल्या, डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं.

“इथून. मुशी, म्हणजे लहान शार्क. सोमवारी माझ्या आईने दिलेली. मी इथे ठेवायला नको होती.”

बाई दोन पावलं मागे सरकल्या. गृहस्थ दाराकडे पाहू लागले. दार बंद होतं. ते मी उघडलं नाही.

प्रणितचा चेहरा साधारण दीड मिनिट रिकामा होता. मग त्यावर काहीतरी उगवलं. “एक मिनिट. एक मिनिट! लोखंड आहे? नाही. भट्टी आहे? नाही. दाब? नाही. वीजसुद्धा नाही! आणि अमोनिया?” त्याने दोन्ही हातांनी डब्याकडे दाखवलं. “आहे!”

गृहस्थ दाराकडून परत वळले. “इंटरेस्टिंग. हे स्केल होईल?”

२५ एप्रिल, शुक्रवार

हंसाबेन खाली आल्या. बातमी पापडांपर्यंत पोचली होती.

“बेटा, तेरा डब्बा केमिकल में रखती थी? जहर चढ़ जाता तो?”

“आपने कागज़ लगाया था.”

“मेरे को बोलने का ना!”

“आप हाँ बोलतीं?”

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. “नहीं बोलती,” त्या म्हणाल्या. “पर जहर नहीं चढ़ने देती.”

मग डेन्मार्कला लिहिलं. बी-४१चं टिपण मागे घेतलं. चार नळ्यांचा तक्ता जोडला. कारणाच्या जागी ‘संशोधकाचा जेवणाचा डबा’ असं लिहिलं, माशाच्या नावासकट. पाठवल्यावर खिडकी उघडली नाही.

२७ एप्रिल, रविवार, पाली

प्रणित घरी आला. पांढरे बूट घालून, आमच्या गल्लीतून, दोन स्कूटरींना वाट देत. ‘नभखत’ आता ‘सागरखत’ आहे. नवीन सादरीकरणाच्या नवव्या पानावर पप्पांची जागा आहे: कच्च्या मालाचे भागीदार.

आईने त्याला चहा दिला. तो ओट्याच्या कडेवर बसला.

“आल्बर्ट अंकल, मला मुशी पाहिजे. रेग्युलर.”

“किती?”

“जितकी होईल. पण एक कंडिशन. ताजी नको. चार दिवस ठेवलेली. वास आला पाहिजे.”

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, हा खरोखर असं म्हणाला का, हे विचारायला. मी मान हलवली.

“वास येनारी?”

“हो! जितका जास्त तितकं चांगलं.”

पप्पांनी जाळं मांडीवरून बाजूला ठेवलं. ते चिडले नव्हते. लहान मुलाला समजावतात तसं बोलले.

“हे बघ, बाबा. पहाटे दर्यात जातो. बर्फ भरून नेतो. मासा आला का पहिला बर्फात, मग आपन चा पितो. धावत बंदराला येतो. माजा बाप, त्याचा बाप, सगले ह्याच घाईत मेले. कशासाठी? तो वास येऊ नये म्हनून. आमचा धंदा एवढाच हाय. मुशी देईन तुला, पन ताजी. वास मारनारी आम्ही कुनाला विकत न्हाय.”

“अंकल, पण भविष्य...”

“चा पी. गार झाला.”

प्रणित गेल्यावर पप्पा मला म्हणाले, “आनि तू. सोमवारची मुशी गुरुवारी खातेस?”

मी हो म्हटलं.

“शिकलेली मानसं,” ते आईला म्हणाले.

५ मे, सोमवार

डेन्मार्कचं उत्तर आलं. या वर्षीची जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली. पुढच्या वर्षी अर्ज करावा आणि त्यात चार नळ्यांचं पान जोडावं, असं लिहिलंय. खाली एक प्रश्न होता: मासा कोणता आणि किती दिवसांचा, हे नक्की कळवाल का?

कळवलं. मुशी. चार दिवस.

बी-४२ आजपासून. समिधा आता रोज आम्लात अमोनिया शून्य आहे ना ते आधी तपासते, आर्गॉन विठूकडून येतं. पँट्रीच्या फ्रिजवर हंसाबेनचा कागद तसाच आहे. शेजारी त्यांनी थर्माकोलचा एक खोका ठेवलाय, त्याच्यावर दुसरा: ‘टॅनिया. इसमें बर्फ़ रोज़ बदलना.’

डबा: बांगडा, आजचाच. प्रयोगाच्या वहीतही लिहिला.